पाण्याची धार : वाहने धुण्याच्या यंत्राविषयी चार शब्द

नवरात्र संपत आले की भोपाळमधील आमच्या वसाहतीत एक ठराविक दृश्य दिसू लागते. खंडेनवमीस शस्त्रांची व अवजारांची पूजा करावयाची ही आपली जुनी चाल. आणि आजच्या गृहस्थाचे मुख्य अवजार म्हणजे त्याचे वाहन. त्यामुळे त्या दिवशी सकाळी प्रत्येक अंगणात स्कूटर, मोटरसायकल किंवा मोटार यांपैकी काही ना काही धुतले जात असते, आणि दुपारपर्यंत त्यावर झेंडूची माळ चढते. पूर्वी या कामास एक बादली, एक फडके आणि घरातील धाकटा मुलगा एवढी सामग्री पुरत असे. अलीकडे मात्र पुष्कळ अंगणांतून एक घरघर ऐकू येते. ती घरघर ‘प्रेशर वॉशर’ नावाच्या यंत्राची होय. न्यू मार्केटपासून दहा नंबर बाजारापर्यंत कोठेही हे यंत्र मिळू शकते, आणि ते विकत घेताना त्याविषयी फारसा विचार कोणी करीत नाही. तो विचार करावा, एवढ्यासाठीच प्रस्तुत लेख.

हा लेख लिहिण्यास आम्हांस एक कारण घडले. आमच्या ओळखीचा एक मुलगा उन्हाळ्याच्या सुटीत गाड्या धुण्याच्या एका दुकानी कामास जात असे. एके दिवशी धार चालू असताना तिच्या तोंडावर बसलेला चिखल त्याने बोटाने पुसला. बोटावर टाचणी टोचावी एवढीच खूण उमटली. रक्तही धड आले नाही. मुलाने बोट पाण्याखाली धरले आणि पुन्हा काम सुरू केले. घरी त्याने कोणास काही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी हात मनगटापर्यंत सुजला, आणि मग रुग्णालय, शस्त्रक्रिया व महिनाभराची पट्टी असा क्रम झाला. बोट वाचले, परंतु ते आजही पुरते मिटत नाही, आणि लेखणी धरताना त्याला ते जाणवते. पाण्याने असे होऊ शकते, हे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही सांगितले नव्हते.

पाण्यात एवढे बळ येते कोठून?

आमची मातृभाषा कोंकणी. आमच्या घरी पाण्याला ‘उदक’ म्हणतात, आणि उदक हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे काहीतरी शीतल व निरुपद्रवी येते. परंतु तेच पाणी दाबाखाली आणून बारीक छिद्रातून सोडले म्हणजे त्याचा स्वभाव पालटतो. हे कसे घडते ते समजण्यास शाळेतील पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

दाब मोजण्याचे एक माप ‘बार’ होय. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब सुमारे १ बार असतो. आपल्या गच्चीवरील टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल, तर नळाशी पाण्याचा दाब सुमारे १ बार मिळतो. मोटारीच्या चाकातील हवा सामान्यतः २ ते २.५ बार दाबाची असते. आता घरगुती धुलाई-यंत्राचा दाब पाहा : तो साधारणतः १०० बार असतो! नुसत्या उंचीच्या बळावर एवढा दाब मिळवावयाचा झाल्यास पाण्याची टाकी सुमारे १,००० मीटर उंच मनोऱ्यावर ठेवावी लागेल. जे काम एवढा मनोरा करील, ते अंगणातील एक लहानसे यंत्र करीत असते.

दाबावरून धारेचा वेगही काढता येतो. सतराव्या शतकात इटलीतील तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने टाकीच्या छिद्रातून निघणाऱ्या पाण्याच्या वेगाचा नियम सांगितला, आणि पुढे १७३८ मध्ये डॅनिएल बर्नुली याच्या ग्रंथाने दाब व वेग यांचा संबंध अधिक व्यापक रीतीने मांडला. त्या नियमानुसार, घर्षणाचा भाग सोडून दिल्यास, १०० बार दाबाखालील पाणी छिद्रातून सेकंदाला सुमारे १४० मीटर वेगाने बाहेर पडते. म्हणजे ताशी ५०० किलोमीटर! रोजच्या प्रवासी आगगाडीलाही हा वेग गाठता येत नाही. अशा धारेने चिवट चिखल सुटतो यात नवल नाही. नवल एवढेच की, हिच्यापुढे आपण बिनदिक्कत बोट धरतो.

यंत्राची रचना मात्र साधी आहे. विजेची मोटर एक तिरपी तबकडी फिरवते. ती तबकडी लहान दट्ट्यांना (बहुधा तीन असतात) आळीपाळीने पुढेमागे ढकलते. दट्ट्या मागे सरला की झडपेतून पाणी आत येते. पुढे सरला की ते पाणी दुसऱ्या झडपेतून जाड नळीत रेटले जाते. नळीच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ असते, तिला चाप असतो आणि पुढे बारीक तोंडाचे नॉझल असते. विहिरीवरील हातपंप ज्याने हापसला आहे, त्याला यात परके असे काही वाटणार नाही.

हे यंत्र तसे फार जुने नाही. जर्मनीतील आल्फ्रेड केर्शर याने गरम पाण्याचे उच्च दाबाचे धुलाई-यंत्र १९५० मध्ये तयार केले. प्रथम ते कारखाने व वाहनतळ यांच्यासाठी होते. घरगुती अंगणात ते पुष्कळ उशिरा आले.

यंत्र निवडताना

दुकानदार प्रथम दाबाचा आकडा सांगतो, आणि गिऱ्हाईकही तोच विचारतो. ‘जितका दाब अधिक, तितके यंत्र चांगले’ हा समज खरा नाही. स्कूटर किंवा मोटार धुण्यास ८० ते ११० बार दाब पुरेसा आहे. फरशीवरील शेवाळे काढण्यास अधिक दाब लागतो. परंतु तो मोटारीच्या रंगावर वापरावयाचा नसतो.

दाबाबरोबर दुसरा आकडा पाहावा, तो म्हणजे मिनिटाला किती लिटर पाणी निघते हा. चिखल सुटतो दाबाने, पण वाहून जातो पाण्याने. मिनिटाला ५ ते ७ लिटर हे प्रमाण घरगुती कामास योग्य आहे. मोठ्या अक्षरांत छापलेला ‘कमाल दाब’ आणि काम करतानाचा प्रत्यक्ष दाब यांत अंतर असते. विकत घेताना दुसऱ्याची चौकशी करावी.

या ठिकाणी आमच्या विद्यार्थिमित्रांना एक उपयुक्त हिशेब सांगतो. बारमधील दाबाला मिनिटाच्या लिटरांनी गुणावे आणि ६०० ने भागावे. उत्तर येते ते धारेची शक्ती, किलोवॅटमध्ये. १०० बार व ६ लिटर असल्यास गुणाकार ६००, आणि शक्ती १ किलोवॅट. मोटर व पंप यांत काही शक्ती वाया जातेच. म्हणून अशा यंत्राची मोटर १,००० वॅटहून बरीच मोठी, १,४०० ते १,८०० वॅटची असली पाहिजे. आता समजा, खोक्यावर २०० बार, १० लिटर आणि १,८०० वॅट असे तीन आकडे छापले आहेत. हिशेब केला तर धारेची शक्ती ३,३०० वॅटहून अधिक येते! मोटरीने घेतलेल्या शक्तीपेक्षा धारेने दिलेली शक्ती अधिक होणे निसर्गनियमास मान्य नाही. तेव्हा ते दोन मोठे आकडे एकाच वेळी खरे नाहीत, हे दुकानात उभ्याउभ्या कळते. गणिताचा तास असा बाजारातही कामी येतो.

यानंतर मोटरीचा प्रकार पाहावा. कार्बनच्या ब्रशांवर चालणारी मोटर हलकी व स्वस्त असते, पण आवाज फार करते आणि लवकर तापते. इंडक्शन मोटर जड व महाग असते. ती शांत चालते व अधिक वर्षे टिकते. महिन्यातून दोनदा वापर असेल तर पहिली चालेल. रोजचे काम असेल तर दुसरीच घ्यावी. पंपाचे डोके प्लॅस्टिकचे आहे, अ‍ॅल्युमिनियमचे आहे की पितळेचे, हे विचारावे. चाप सोडताच मोटर आपोआप थांबते का, चापास कुलूप आहे का, नळी निदान ५ ते ८ मीटर लांब आहे का, आणि सुटे भाग व दुरुस्ती आपल्या शहरात मिळते का, एवढ्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून पैसे मोजू नयेत. पेट्रोलवर चालणारी यंत्रेही असतात. त्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असल्याने ती बंद गॅरेजमध्ये कधीही चालवू नयेत.

नॉझलांचे रंग लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ज्या यंत्रांबरोबर सुटी नॉझले मिळतात, त्यांत बहुधा तांबडे नॉझल शून्य अंशाचे, म्हणजे सुईसारख्या धारेचे असते. पिवळे १५ अंशांचे, हिरवे २५ अंशांचे, पांढरे ४० अंशांचे आणि काळे साबणाच्या सौम्य फवाऱ्याचे असते. वाहनासाठी पांढरे, व चिखलाने माखलेल्या चाकांच्या कमानींसाठी हिरवे वापरावे. तांबडे नॉझल तर वाहन धुताना खोक्यातून बाहेरच काढू नये.

वीज आणि पाणी

वीज व पाणी ही दोन्ही आपली सेवक खरी, परंतु त्यांची गाठ पडू देऊ नये. १,७०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे साडेसात अँपिअर प्रवाह घेते. म्हणून ते दिव्या-पंख्याच्या लहान सॉकेटवर न लावता १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर लावावे. घरात अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. गळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारा, ३० मिलिअँपिअरचा सुरक्षा-स्विच बसवून घेणे हा खर्च नव्हे, तो विमा आहे. जोडवायर घ्यावीच लागली तर ती जाड तारेची असावी, पूर्ण उलगडलेली असावी, आणि तिचा जोड ओल्या जमिनीवर न ठेवता उंच व कोरड्या जागी ठेवावा. ओल्या हाताने प्लग काढू नये. यंत्रावरच धार मारून यंत्र धुणारे महाभागही आम्ही पाहिले आहेत. त्यांचे अनुकरण करू नये.

धुण्याची रीत

वाहन सावलीत उभे करावे आणि थंड होऊ द्यावे. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो व डाग पडतात. काचा बंद कराव्यात. प्रथम पाण्याची नळी जोडून, मोटर चालू न करताच चाप दाबावा, म्हणजे आतील हवा निघून जाईल. पाण्यावाचून पंप चालला तर त्याची आतील वायसरे लवकर खराब होतात. बादलीतून किंवा टाकीतून पाणी घ्यावयाचे असल्यास तोंडाशी गाळणी अवश्य असावी.

मग मूठ दोन्ही हातांनी धरावी, पायांत बंद जोडे व डोळ्यांवर चष्मा असावा, आणि धार प्रथम जमिनीवर सोडून पाहावी. वाहनापासून निदान ३० सेंटिमीटर दूर राहावे. हे अंतर महत्त्वाचे का? २५ अंशांची धार ३० सेंटिमीटरवर सुमारे १३ सेंटिमीटर रुंद पसरते. तीच १० सेंटिमीटरवर जेमतेम ४ सेंटिमीटर असते. म्हणजे जवळ गेल्याने तेच पाणी एकतृतीयांश जागेत आदळते. रंगाचे पोपडे निघतात ते अशा वेळी.

माळव्याची काळी माती चिवट असते. ती वाळलेली असताना फडक्याने घासली तर तिच्यातील बारीक कण रंगावर ओरखडे काढतात. म्हणून आधी पाण्याने माती सैल करून वाहून घालवावी. मग वाहनासाठीच्या सौम्य शाम्पूचा फेस खालून वर लावावा. कपड्यांचा सोडा किंवा भांड्यांची पूड वापरू नये. चार-पाच मिनिटांनी, फेस वाळण्यापूर्वी, मऊ फडक्याने पुसून वरून खाली धुवावे. शेवटी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे; नाहीतर पाण्यातील क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

काही जागा धारेपासून जपाव्यात. मोटारीचे इंजिन, विजेच्या तारांचे जोड, रेडिएटरची पातळ पाती, दारांची रबरे, सुटू लागलेला रंग आणि टायरांच्या बाजू यांवर जवळून धार मारू नये. टायर आतून दुबळा झाला तर बाहेरून दिसत नाही; तो फुटतो मात्र रस्त्यावर. मोटरसायकलीची साखळी, चाकांचे बेअरिंग, सायलेन्सरचे तोंड, किल्लीची जागा व मीटर यांचेही तसेच. विजेवर चालणाऱ्या वाहनाच्या चार्जिंगच्या तोंडाचे झाकण घट्ट लावलेले असावे, आणि चार्जिंग चालू असताना ते धुऊ नये. धुऊन झाल्यावर साखळीस तेल द्यावे, आणि रस्त्यावर निघण्यापूर्वी अगदी हळू चालवून ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहावा. कारण ओला ब्रेक प्रथम धरीत नाही.

काम संपताच आधी मोटर बंद करावी, नळ बंद करावा, आणि मग चाप दाबून नळीतील उरलेला दाब मोकळा करावा. त्यानंतरच नळी सोडवावी. दाब कोंडलेला असताना यंत्र बंद दिसते, पण ते निजलेले असते, मेलेले नसते.

अपघात झाल्यास

धार माणसावर, जनावरावर, किंवा थट्टेनेही कोणाच्या पायावर सोडू नये. सुमारे ७ बार दाबाची बारीक धारदेखील अखंड कातडी भेदू शकते, आणि आपल्या यंत्राचा दाब १०० बार आहे. धार आत शिरली म्हणजे तिच्याबरोबर माती, साबण व जंतूही आत जातात आणि कातडीखाली दूरवर पसरतात. वर दिसते ती केवळ एक टाचणीएवढी खूण. खरी जखम आत असते. म्हणून ‘दुखत नाही’ या समजुतीवर विसंबू नये. विनाविलंब मोठ्या रुग्णालयात जावे आणि ‘उच्च दाबाच्या धारेची जखम आहे’ असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. येथे काही तासांचा विलंबही बोटावर बेततो. मुलांनो, घरचे रागावतील म्हणून अशी जखम लपवू नका. रागावणे घटकाभराचे असते.

सोयीसाठी चाप दोरीने बांधून ठेवण्याची युक्ती काही ठिकाणी केली जाते. हात दमतो म्हणून ती केली जाते हे आम्हांस समजते. पण चाप सोडताच धार थांबावी, हीच तर त्याची योजना आहे. सुरक्षेचे साधन निकामी करून ठेवणे म्हणजे काय, हे भोपाळकरांस सांगावयास नको. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री, येथील कीटकनाशकांच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरले आणि विषारी वायू निजलेल्या शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वेळी बंद होती, आणि निसटता वायू जाळण्याचा मनोराही कामात नव्हता. अंगणातल्या यंत्राची त्या घटनेशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु साधन असणे आणि साधन चालू असणे यांत केवढे अंतर आहे, हे या शहराने जितक्या दुःखाने शिकले तितके क्वचितच कोणी शिकले असेल.

पाणी आणि तलाव

‘या यंत्राने पाणी वाचते’ असे सांगण्यात येते. हे अर्धे खरे आहे. नळाला लावलेल्या उघड्या नळीपेक्षा ते निश्चित वाचते. घरी प्रयोग करून पाहा : उघड्या नळीखाली १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा, आणि त्यावरून दहा मिनिटांचा हिशेब करा. यंत्र मात्र मिनिटाला ६ लिटर घेते. धार एकूण पाच मिनिटे चालली तर ३० लिटर होतात. पण ३० लिटर म्हणजे दोन बादल्या. आणि दोन बादल्यांत स्कूटर धुऊन वर पायरीही धुता येते! तेव्हा ज्या घरी एकच स्कूटर आहे, त्या घरास हे यंत्र विकत घेण्याची गरज आहे, असे आम्हांस वाटत नाही. मोठ्या मोटारी असलेल्या दहा घरांनी मिळून एक चांगले यंत्र घ्यावे, ते जपून वापरावे, आणि नियम भिंतीवर लावावेत, हा मार्ग अधिक शहाणपणाचा ठरेल.

ताल असावा तर भोपाळचा, बाकीच्या सगळ्या तलैया, अशी इकडे म्हण आहे. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा, अकराव्या शतकातील हा मोठा तलाव आजही शहरास पिण्याचे पाणी पुरवतो. मोठ्या व छोट्या तलावांची ही भोज पाणथळ २००२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत, समाविष्ट झाली. आपल्या वाहनावरून निघालेले वंगण, ब्रेकची धूळ व साबण रस्त्यावरच्या गटारात गेले तर त्यांस पुढे जाण्यास वाट असतेच. पावसाळ्यात भदभद्याची दारे उघडली की मोठ्या तलावाचे पाणी कलियासोत नदीवाटे बेतवेस मिळते, बेतवा यमुनेस आणि यमुना गंगेस. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण लहानपणीच शिकलो. थेंबाथेंबाने ते नासतेही, एवढी भर आता घालावयास हवी. म्हणून तलावाच्या काठी वाहन कधीही धुऊ नये. घरी धुताना साबण थोडा वापरावा, आणि तेलकट इंजिनाची धुलाई, जेथे तेल वेगळे काढणारा हौद आहे अशाच ठिकाणी करून घ्यावी.

खंडेनवमीस आपण अवजाराला हळदकुंकू वाहतो, त्याचा अर्थ एवढाच की, जे आपल्या उपयोगी पडते त्याचे बळ आपण ओळखले आहे. आमच्या ओळखीचा तो मुलगा आता पुन्हा नियमितपणे शाळेत जातो. गेल्या खंडेनवमीस त्याने वडिलांची मोटरसायकल धुतली. एक बादली पाणी आणि एक जुने धोतर घेऊन. झेंडूची माळ बांधताना त्याचे ते बोट दोऱ्याभोवती नीट वळत नव्हते, म्हणून गाठ त्याच्या धाकट्या बहिणीने मारली. आपल्या वाचकांपैकी कोणाही मुलास अशी मदत घेण्याचा प्रसंग न येवो, एवढीच आमची इच्छा आहे.